बसलेला विश्वास, ठेवलेला विश्वास

बाबांच्या शस्त्रक्रियेला सहा तास लागतील असं सांगितलं होतं. पाचवा तास संपत आला तेव्हा आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आज तरी विश्वास ठेव गं. माझ्यासाठी एवढंच कर."

तिने दुसरं काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं. रक्त दिलं असतं, उरलेल्या आयुष्यातली वर्षं दिली असती. म्हणून मी डोळे मिटले आणि खरंच प्रयत्न केला. लहानपणी झोपण्याआधी मी ज्याच्याशी बोलायचे त्याला हाक मारली. 'तू आहेस' असं मनात म्हटलं. पुन्हा म्हटलं. शब्द उमटत होते, पण खेळण्यातला फोन कानाला लावून लहान मूल बोलतं तसे. मुलाला निदान त्या बोलण्यात आनंद असतो. मला मात्र प्रत्येक शब्दागणिक ऐकू येत होतं की पलीकडे तार जोडलेली नाही.

डोळे उघडले तेव्हा आई माझ्याकडेच पाहत होती. मी मान हलवली. ती होकाराची मान होती आणि ती खोटी होती.

बाबा त्यानंतर नवव्या दिवशी गेले. माझ्या खोट्या होकाराचा आणि त्यांच्या जाण्याचा काहीही संबंध नाही, हे मला पुरतं कळतं. तरीही काही रात्री तो होकार आठवतो आणि झोप जाते. त्या दिवशी मी आईचं ऐकलं नाही, की मला ते ऐकणं शक्यच नव्हतं? तिने मागितली ती गोष्ट माझ्याकडे होती आणि मी दिली नाही, की ती देण्याजोगी गोष्टच नव्हती?

देव आहे की नाही, हा माझा आजचा विषय नाही. त्यावर माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनी आयुष्यं खर्ची घातली आहेत. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. देवावर विश्वास ठेवायचा की नाही, हे माणसाच्या हातात असतं का?

आजूबाजूचे लोक बोलतात त्यावरून तरी असं वाटतं, की असतं. श्रद्धाळू माणसं म्हणतात, "अहंकार सोड, मग आपोआप येईल विश्वास." देव न मानणारी माणसं म्हणतात, "एवढी शिकली-सवरलेली माणसं, सोडून का देत नाहीत हे?" दोघेही गृहीत धरतात की मनात कुठेतरी दिव्याचं बटण आहे आणि समोरच्याचा हात केवळ हट्टापायी तिथवर जात नाही. मी दोन्हीकडची बोलणी खाल्ली आहेत. आधी श्रद्धा होती म्हणून, नंतर राहिली नाही म्हणून.

एक साधा प्रयोग करून बघावा. बाहेर लख्ख ऊन पडलंय. आता पाच मिनिटं मनापासून विश्वास ठेवायचा की धो धो पाऊस पडतोय. जमलं तर हवं ते बक्षीस. पावसाची कल्पना करता येईल. 'पाऊस पडतोय' असं म्हणता येईल. छत्री घेऊन बाहेर पडता येईल, भेटेल त्याला सांगता येईल. फक्त विश्वास तेवढा बसणार नाही. बक्षीस दुप्पट केलं तरी नाही, डोक्याला बंदूक लावली तरी नाही.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९७० च्या दशकात याचं कारण मांडलं, आणि मला ते पटतं. एखादी गोष्ट मला खरी वाटणं म्हणजे ती तशी आहे असं मला दिसणं. ती मी केवळ माझ्या मर्जीने, खरं-खोटं न पाहता मनात आणून बसवली हे मलाच ठाऊक असेल, तर ती मला खरी वाटणार कशी? मी हात वर करू शकते, कारण हात वर करण्याला खऱ्या-खोट्याशी देणंघेणं नसतं. विश्वासाला असतं. आपल्याच हाताने लपवलेल्या वस्तूचा शोध लागल्याचा आनंद जसा होत नाही, तसंच हे आहे. ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने तर १७३९ मध्येच लिहून ठेवलं होतं की विश्वास हे विचार करणाऱ्या मनापेक्षा जाणवणाऱ्या मनाचं काम आहे. जाणवायचं ते जाणवतं. त्याला हुकूम देता येत नाही.

कुणी म्हणेल, ऊन-पावसाचं उदाहरण फसवं आहे, ऊन तर डोळ्यांना दिसतं, देवाचं तसं नाही. खरं आहे. तराजूची दोन्ही पारडी सारखी असतील तिथे माणसाला थोडी मोकळीक असेलही. पण ज्याला ती सारखी दिसत नाहीत त्याने काय करायचं? आणि ती सारखी दिसावीत, हे तरी कोण ठरवतं?

या सगळ्या विचारात मला सगळ्यात जास्त मदत कुणी केली असेल तर आपल्या भाषेने. मराठीत विश्वास 'बसतो'. श्रद्धा 'जडते'. खात्री 'पटते'. शंका 'येते'. आणि एक दिवस विश्वास 'उडतो', एखाद्या पाखरासारखा. यातल्या एकाही वाक्यात 'मी' कर्ता नाही. माझा विश्वास बसला, मला पटलं, माझ्या मनात शंका आली. हे सगळं माझ्या बाबतीत घडतं, मी ते करत नाही. आपल्या पूर्वजांनी विश्वासाचं शास्त्र लिहिलं नसेल, पण क्रियापदं निवडताना ते चुकले नाहीत.

पण त्याच भाषेत दुसरं वाक्यही आहे: मी विश्वास 'ठेवते'. मी देवाला 'मानते'. इथे कर्ता मी. वस्तू जागेवर ठेवावी तसा मी विश्वास कुणावर तरी ठेवते, आणि जो ठेवता येतो तो काढूनही घेता येतो. नाम तेच, क्रियापदं दोन. आईने त्या दिवशी मला 'ठेव' म्हटलं होतं. मी डोळे मिटून तो 'बसण्याची' वाट पाहत होते. आम्ही दोघी एकाच शब्दाविषयी बोलत होतो आणि दोन वेगळ्या गोष्टींविषयी. हे माझ्या लक्षात यायला पुढे कितीतरी वर्षं जावी लागली.

मराठीने दाखवलेली ही फट फार जुनी आहे. कठोपनिषदात वडील दानाच्या गायी देत असताना लहानग्या नचिकेताच्या मनात श्रद्धा उपजते. तिथलं क्रियापद आहे 'आविवेश', म्हणजे श्रद्धा त्याच्यात शिरली. त्याने ती आणली नाही, ती आली. त्याच उपनिषदात पुढे म्हटलंय की हा आत्मा प्रवचनाने मिळत नाही, बुद्धीने नाही, पुष्कळ ऐकूनही नाही. तो लाभतो तो फक्त वरण्यातून. आता इथे कोण कुणाला वरतो? शंकराचार्य अर्थ लावतात की साधक आत्म्याला वरतो. रामानुजाचार्यांच्या परंपरेत तो परमात्मा आहे आणि निवड त्याची आहे. तो ज्याला निवडतो त्याला तो भेटतो. ओळ एकच, शब्द तेच, आणि निवडणारा नेमका कोण यावर एवढ्या मोठ्या माणसांचं जुळत नाही. हे वाचलं तेव्हा मला हलकं वाटलं. आपला प्रश्न खुळा नव्हता.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १५१ वं सूक्त श्रद्धेलाच उद्देशून आहे. सकाळी, दुपारी, सूर्य मावळताना तिला बोलावलंय, आणि शेवटी तिलाच विनवलंय, की श्रद्धे, आम्हाला श्रद्धावंत कर. त्या ओळीपाशी मी खूप वेळ थांबले होते. ज्याच्याकडे पूर्ण श्रद्धा आहे तो ती मागणार नाही. ज्याच्याकडे मुळीच नाही तोही मागणार नाही, कारण मागायचं कुणाकडे? म्हणजे मागणारा मधला कुणीतरी आहे. त्याच्याकडे एवढीच शिल्लक आहे, की हात पुढे करता यावा.

विश्वास निवडता येत असता, तर ज्याने तो नक्की निवडला असता असा एक माणूस माझ्या मनात कायम असतो. चार्ल्स डार्विन. १८३९ च्या जानेवारीत त्याचं एमाशी लग्न झालं. एमा श्रद्धाळू होती. लग्नाआधीच त्याने आपल्या शंका तिला सांगितल्या होत्या, लपवल्या नव्हत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने त्याला एक पत्र लिहिलं. सिद्ध झाल्याशिवाय काहीही मानायचं नाही ही शास्त्रातली सवय, ज्या गोष्टी तशा सिद्ध करता येत नाहीत त्यांनाही तुम्ही लावत नाही आहात ना, अशी तिची काळजी होती. आणि आपण दोघं कायमची एकमेकांची नाही आहोत असं वाटलं तर मी फार दुःखी होईन, असंही तिने लिहिलं. म्हणजे मरणानंतरही. तिच्या श्रद्धेत दोघांची पुन्हा भेट होती. त्याच्या शंकेत ती नव्हती.

डार्विनने ते पत्र आयुष्यभर जपलं. त्यावर त्याच्या हातची एक नोंद आहे: मी मेल्यावर तुला कळू दे, की मी कितीदा या पत्राचे मुके घेतले आहेत आणि त्यावर रडलो आहे.

१८५१ मध्ये त्यांची लाडकी ॲनी दहा वर्षांची असताना वारली. मूल गेलेल्या बापाला पुन्हा भेटीची आशा नको असेल का? समोर ती आशा घेऊन बसलेली बायको. प्रेम होतं, गरज होती, सवडही होती. माणूस वृत्तीने मवाळ, भांडणाची हौस नसलेला. तरीही विश्वास बसला नाही. उतारवयात लिहिलेल्या आत्मकथनात तो सांगतो की अविश्वास आपल्यावर अतिशय संथपणे चढत गेला आणि शेवटी पूर्ण झाला. इतका संथ, की त्याचा त्रासही झाला नाही. हे आत्मकथन त्याच्या मृत्यूनंतर १८८७ मध्ये छापलं गेलं तेव्हा धर्माविषयीचा काही मजकूर एमाच्या इच्छेने गाळला होता. तो पुन्हा जागेवर आला १९५८ मध्ये, त्यांच्या नातीच्या हातून.

डार्विनला हट्टी म्हणणाऱ्यांनी त्या पत्रावरची नोंद वाचावी. मुके घेऊन रडणारा माणूस बटणापासून हात लांब ठेवून बसलेला नसतो. बटणच नसतं.

माझ्या बाबतीतही कुठलीच घटना नाही. लोक विचारतात, "काय झालं होतं?" त्यांना वाटतं, कुणी फसवलं असेल, एखादी प्रार्थना ऐकली गेली नसेल. तसं काही नाही. बाविसाव्या वर्षी कधीतरी लक्षात आलं की रात्रीचं ते बोलणं कित्येक महिन्यांत झालेलं नाही. पाणी आटताना आवाज होत नाही. मी ठरवून काही सोडलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लहानपणी ठरवून काही धरलंही नव्हतं. मोठ्यांनी सांगितलं आणि ते आत गेलं. स्पिनोझा या डच तत्त्वज्ञाचं मत होतं की कल्पना समजून घेणं आणि ती मानणं या दोन वेगळ्या पायऱ्या नाहीत. माणूस आधी मानतो, नाकारण्याचे कष्ट त्याला नंतर करावे लागतात. १९९० च्या सुमारास डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले, त्यात ज्यांचं लक्ष मध्येच विचलित केलं गेलं त्यांना खोटी म्हणून सांगितलेली विधानं खरी म्हणून आठवण्याकडे कल दिसला. मुलाच्या मनाचं तर विचारायलाच नको. तिथे पहारेकरी अजून नेमलेलाच नसतो.

मग विषय इथेच संपतो का? विश्वास होतो, करता येत नाही, झालं? कितीतरी वर्षं मी तिथेच थांबले होते. ती जागा सोयीचीही होती, कारण त्या होकारातून सुटायला बरी होती. तिथून मला उठवलं पास्काल या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाने.

पास्कालची पैज बऱ्याच जणांना ठाऊक असते. देव आहे असं धरून चाललात आणि तो निघाला तर अपार लाभ, नाही निघाला तर फारसं काही गेलं नाही. तेव्हा शहाण्याने देवाच्या बाजूने पैज लावावी. ती वाचून मला नेहमी थोडा राग यायचा. हा काय व्यवहार झाला? शिवाय कुठल्या देवाच्या बाजूने? हेच गणित प्रत्येक धर्माला मांडता येईल, असं दिदरो या फ्रेंच विचारवंतानेही म्हणून ठेवलं आहे. पण पैजेच्या पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. तिथे पास्कालचा कल्पित श्रोता म्हणतो, तुमचं गणित मान्य, पण माझे हात बांधलेले आहेत, मला विश्वास ठेवताच येत नाही, माझी घडणच तशी आहे, मी काय करू?

म्हणजे पास्कालला ठाऊक होतं! गणित सुटल्याने विश्वास बसत नाही, हे त्या गणितज्ञाला पक्कं कळलं होतं. त्याचं उत्तर असं की ज्यांचेही हात तुझ्यासारखेच बांधलेले होते त्यांच्याकडे बघ. त्यांनी विश्वास असल्यासारखं वागायला सुरुवात केली. विधी केले, प्रार्थनेला गेले. तूही तसंच कर, विश्वास मागून येईल. थेट दार बंद आहे, वळसा घालून ये.

आणि स्वतः पास्काल? तो कुठल्याच वळशाने आला नव्हता. १६५४ च्या उन्हाळ्यात फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून तो संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालत होता. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री, साडेदहापासून साडेबारापर्यंत, त्याला काहीतरी झालं. त्याने ते एका कागदावर लिहून ठेवलं. सुरुवातीलाच एक शब्द आहे, 'अग्नी'. मग अब्राहमचा, इसहाकचा, याकोबाचा देव. तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. तो कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवला आणि कुणालाही सांगितलं नाही. १६६२ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला, तेव्हा एका नोकराला तो सापडला. दुसऱ्यांसाठी पैज लिहिणाऱ्या माणसाच्या छातीजवळ आठ वर्षं तो कागद होता. मला त्याच्या पैजेपेक्षा ते अस्तर जास्त खरं वाटतं. पण त्याने सांगितलेला वळसा मात्र मी विसरू शकत नाही. कारण तो उलट्या बाजूनेही चालतो.

उलटी बाजू विल्यम क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने दाखवली. १८७७ मध्ये त्याने एक गोष्ट लिहिली. एका जहाजमालकाला आपलं जहाज जुनं झाल्याची शंका येते. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यावरून जाणार असतात. दुरुस्तीला खर्च फार. मग तो शंका हळूहळू बाजूला सारतो: इतक्या सफरी केल्या, ही पण होईल, आणि वर देव आहेच. शेवटी त्याचा खराखुरा विश्वास बसतो की जहाज धडधाकट आहे. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. मनापासून विश्वास होता म्हणून सुटत नाही. आणि जहाज सुखरूप परतलं असतं तरी तो तितकाच दोषी असता. क्लिफर्ड स्वतः १८७० मध्ये सिसिलीजवळ जहाज फुटण्याच्या अपघातातून वाचला होता. बुडणारं जहाज त्याने नुसतं कल्पनेत पाहिलेलं नव्हतं.

लोक ही गोष्ट पुराव्याचं महत्त्व सांगण्यासाठी सांगतात. मला तिच्यात वेगळंच दिसलं. जहाजमालकाने विश्वास बसवून दाखवला! एका क्षणात नव्हे, तर रोज थोडं थोडं न बघून. शंका आली की तिच्याकडे पाठ केली, दिलासा आला की त्याला बसायला जागा दिली. विश्वास निवडता येत नसेल, पण कशाकडे बघायचं आणि कशाकडे नाही, कुणात उठायचं-बसायचं, कुठला प्रश्न अर्ध्यात सोडायचा, हे तर आपण निवडतो. आणि ते निवडत निवडत आपण एका जागी पोचतो आणि म्हणतो, मी काय करू, मला असंच वाटतं. माझी बाविसाव्या वर्षापर्यंतची वाटही अशीच असणार. मी कुठली पुस्तकं उघडली, कुठली नाही? कुणाशी वाद टाळला? पाणी आपोआप आटलं असं मी म्हणते, पण बांध कुणी वळवला हे मी कधी तपासलं नाही. हा प्रश्न श्रद्धाळूंना जितका लागू, तितकाच मलाही.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं. जिथे पुरावा निकाल देऊ शकत नाही, निवड टाळता येत नाही, आणि ती आयुष्याला भिडणारी आहे, तिथे मनाचा कौल घ्यायचा माणसाला हक्क आहे, असं त्याचं म्हणणं. मैत्री जशी समोरच्यावर आधी विश्वास टाकल्याशिवाय होतच नाही, तशा काही गोष्टी विश्वासानंतरच खऱ्या ठरतात. जेम्सचं मला आवडतं ते त्याच्या युक्तिवादाहूनही एका दैनंदिनीमुळे. १८७० मध्ये, अठ्ठाविशीत, खोल निराशेत असताना त्याने लिहिलं की माझी स्वतंत्र इच्छेची पहिली कृती म्हणजे स्वतंत्र इच्छेवर विश्वास ठेवणं. आणि तो खरंच उभा राहिला. पण त्याची एक अट आहे: पर्याय आपल्यासाठी जिवंत हवा. ऐकताना मनात थोडी तरी हालचाल व्हायला हवी. ती होईल की नाही, हे मात्र पुन्हा आपल्या हातात नाही.

विश्वासाला हुकूम देता येत नाही, यावर माणसांचा केवढा भार आहे! १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेच्या पत्रात लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञाने हाच धागा धरला: तलवारीने ओठ हलवता येतात, मन नाही, मग राज्याने श्रद्धेत हात घालून काय मिळवायचं? १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्यही देतं. ते स्वातंत्र्य विश्वास बसवण्याचं नाही, कारण तसं कुणाला देताच येत नाही. जो बसलेला आहे किंवा उडालेला आहे, त्याबद्दल शिक्षा होणार नाही याची ती हमी आहे. घराघरांतून मात्र ही हमी अजून मिळालेली नाही. मुलाचा विश्वास उडाला म्हणून त्याला गुन्हेगार ठरवणारे आईबाप मी पाहिले आहेत. आईने डोळे मिटले की तिच्याकडे कीव आल्यासारखं बघणारी मुलंही पाहिली आहेत. दोन्ही पाहून मला सारखाच त्रास होतो.

माझा एक मित्र आहे, आयुष्यभर देव न मानणारा. बोलण्यात त्याच्याशी कुणी टिकायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो आला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "हल्ली मला कुणीतरी आहे असं वाटतं." मी गप्प. "मला नकोय गं हे. मी मागितलं नव्हतं. तू मला वाद घालून यातून बाहेर काढ." मी सगळे मुद्दे मांडले. त्यातले निम्मे मी त्याच्याकडूनच शिकले होते. त्याने ते शांतपणे ऐकले, प्रत्येकाला मान डोलावली आणि म्हणाला, "हो, सगळं बरोबर आहे. पण तरी आहे." त्याला जे नको होतं ते त्याच्यात शिरलं होतं, आणि मी जे जीव तोडून मागितलं होतं ते माझ्याकडे फिरकलं नव्हतं. आम्ही दोघं त्या रात्री उशिरापर्यंत काही न बोलता बसलो होतो.

पण 'ठेवणं' अजून उरलं होतं.

मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. रस्त्यावरच्या गरिबांसाठी काम सुरू केल्यानंतर लवकरच त्यांना देव जाणवेनासा झाला आणि मधला थोडा काळ सोडला तर जवळजवळ पन्नास वर्षं तो अंधार राहिला, हे त्या पत्रांतून जगाला कळलं. काहींनी त्यांना ढोंगी ठरवलं. त्यांच्या कामाविषयी वाद आहेत ते असोत, पण या एका बाबतीत मला ढोंग दिसत नाही. बसलेला विश्वास गेला होता. ठेवलेला त्यांनी रोज पहाटे उठून पुन्हा ठेवला. आणि तुकोबा? आपल्या लेखी देव मेला, असेल त्याला असो, असं एका अभंगात म्हणून मोकळे झाले. तरी अभंग लिहायचे थांबले नाहीत. ज्याच्याशी बोलणं तोडल्याचं सांगायचं, तेही त्याच्याविषयीच्याच अभंगात. इतका रुसवा ठेवलेल्या विश्वासालाच परवडतो.

बाबा गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी आईला त्या होकाराबद्दल सांगितलं. म्हटलं, मी तेव्हा खोटं बोलले, माझा विश्वास बसतच नव्हता. तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, ती थांबली नाही. म्हणाली, "बसायची वाट बघत राहिले असते तर तुझ्या बाबांशी लग्नच केलं नसतं."

मी म्हटलं, "पण आई, बाबा समोर होते. ते आहेत हे तरी तुला ठाऊक होतं."

तिने हातातली घडी नीट केली, बाजूला ठेवली. मग बोलली, "हो. ते खरं आहे."

तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि उत्तर असल्याचा आव तिने आणला नाही. माणसावर विश्वास टाकणं आणि कुणीतरी आहे असं मानणं यात फरक आहेच, आणि तो तिला माझ्याइतकाच दिसतो. जेम्सच्या मैत्रीच्या उदाहरणातली अडचणही हीच. माणूस समोर असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवणं ही माझी कृती आहे. जो आहे की नाही हेच मला दिसत नाही, त्याच्यावर ठेवलेला विश्वास कुठे टेकतो? मला वाटतं, आई तो टेकवतच नाही. हातात धरून उभी राहते. मला ते जमेल असं नाही. पण ती काय करते, ते आता मला दिसतं, आणि पूर्वी दिसत नव्हतं.

अलीकडे तिची नजर अधू झाली आहे. तिचं प्रार्थनेचं जुनं पुस्तक तिला वाचता येत नाही, म्हणून संध्याकाळी मी वाचून दाखवते. सुरुवातीलाच मी तिला सांगून टाकलं, की मी तुझ्यासाठी वाचते, माझा विश्वास आहे म्हणून नाही. ती म्हणाली, "मला वाचून हवंय." आता रोज अर्धा तास माझ्या तोंडून 'माझ्या देवा, माझ्याजवळ राहा' असे शब्द निघतात. आवाज माझा असतो. 'माझ्या' म्हणजे कुणाच्या, हे मला सांगता येत नाही. पास्कालचा वळसा मी घेतलेला नाही. आईचे डोळे गेले म्हणून मी त्या वाटेवर आहे. मनात काही हलतं का, हे मी सुरुवातीला रोज तपासायचे. हल्ली तपासत नाही. मन लावून वाचते, कारण उच्चार चुकला की ती लगेच टोकते.

काल एका ओळीपाशी आवाज अडकला. बाबांच्या त्या नऊ दिवसांत ती हीच ओळ पुटपुटत असायची. मी थांबले. तिने डोळे न उघडता पुढची ओळ म्हटली, आणि तिथून मी पुन्हा वाचू लागले.